एड्स : उपचारातून प्रतिबंधाकडे

रोग होऊ नये म्हणून जे करायचे तो प्रतिबंध आणि रोग झाल्यावर जे करायचे तो उपचार, अशी विभागणी आपण शालेय पुस्तकांतून शिकतो आणि शिकवतोही. देवीची लस हा प्रतिबंध, हिवतापावरचे क्विनाइन हा उपचार. परीक्षेपुरती ही विभागणी सोयीची आहे. पण संसर्गजन्य रोगांचा इतिहास पाहिला तर ती फारशी टिकत नाही. रोग्याच्या शरीरातील जंतू कमी झाले, की दुसऱ्याला लागण होण्याची शक्यताही कमी होते. मग रोग्याला दिलेले औषध शेजाऱ्याचेही संरक्षण करू लागते.

याचे एक उदाहरण मुंबईतच आहे. १८९० मध्ये शहरातील निराधार कुष्ठरुग्णांना समाजापासून दूर ठेवण्यासाठी एक आश्रयस्थान उभे राहिले. तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर अॅक्वर्थ यांच्या नावाने ते आज वडाळ्याचे अॅक्वर्थ कुष्ठरुग्णालय म्हणून ओळखले जाते. त्या काळी वेगळे ठेवणे हाच एकमेव प्रतिबंध होता. पुढे सल्फोन गटातील औषधे आली, १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला, आणि औषध सुरू झालेला रुग्ण थोड्याच काळात इतरांना संसर्ग देत नाही हे सिद्ध झाले. भिंतींची गरज औषधाने संपवली. मुंबईच्या एड्स नियंत्रण संस्थेचे कार्यालय आज याच आवारात आहे, हा योगायोग म्हणावा लागेल. परंतु कुष्ठरोगाच्या बाबतीत जे घडायला सुमारे शंभर वर्षे लागली, ते एड्सच्या बाबतीत तीस वर्षांत घडले. आणि त्यात मुंबई व पुणे या शहरांचा वाटा फार मोठा आहे. तो इतिहास येथे मांडत आहोत.

औषध नसतानाचा काळ

एड्सच्या पहिल्या रुग्णांची नोंद अमेरिकेत जून १९८१ मध्ये झाली. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रांस्वाज बारे-सिनुसी आणि ल्युक माँतान्ये यांच्या गटाने या रोगाचा विषाणू वेगळा केला. भारतात एचआयव्हीची लागण प्रथम १९८६ मध्ये मद्रास येथे आढळली. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी जमवलेल्या रक्तनमुन्यांतून ती उघड झाली.

त्या वेळी या विषाणूवर एकही औषध नव्हते. साहजिकच सारा भर प्रतिबंधावर होता, आणि प्रतिबंधाचा पहिला अर्थ अनेकांनी जुनाच लावला : रोग्याला दूर ठेवा. गोव्यातील डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केले होते. त्या रक्ताच्या तपासणीत लागण आढळली. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले आणि म्हापशाजवळच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकट्याला कोंडून ठेवले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातील तरतूदच तशी होती. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. एचआयव्ही हवेतून, पाण्यातून किंवा स्पर्शाने पसरत नाही, मग कोंडून ठेवण्याने साधते काय, हा त्या लढ्यातला मूळ प्रश्न होता. त्याचा खरा परिणाम उलटाच होणार होता. तपासणीचे फळ कोठडी असेल, तर तपासणीला येणार कोण?

१९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे ‘नॅको’, स्थापन झाली. त्याच वर्षी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, सुरू केली. (अलीकडे या संस्थेचे नाव बदलून त्यात विषाणुशास्त्राचाही समावेश केला आहे.) नारीचे सुरुवातीचे एक काम आजही वर्गात सांगण्यासारखे आहे. १९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी झाली. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या स्त्रियांना लागण झालेली आढळली. धक्कादायक होता तो दुसरा आकडा. देहविक्रय न करणाऱ्या, बहुतेक विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी जवळजवळ १४ टक्के स्त्रियांनाही लागण झालेली होती. यांतील बहुतेकींचा आयुष्यात नवऱ्याखेरीज कोणाशी संबंध आलेला नव्हता. १९९७ मध्ये हे निष्कर्ष डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

‘एकनिष्ठ राहा’ हा त्या काळच्या भिंतीपत्रकांवरचा उपदेश या स्त्रियांनी तंतोतंत पाळला होता. तरीही त्यांचे रक्षण झाले नाही. निरोध वापरण्याचा निर्णय त्यांच्या हातात नव्हता. प्रतिबंधाची जी साधने उपलब्ध होती ती सगळी दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होती. ही उणीव ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या सगळ्या कथेचा अर्थ तिच्यामुळेच कळतो.

याचा अर्थ औषधापूर्वीचे प्रयत्न वाया गेले असा मात्र नाही. दान केलेल्या रक्ताची तपासणी सक्तीची झाली आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेच्या कामातून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनीच निरोधच्या वापराचा आग्रह संघटितपणे धरला. गुप्तरोगांवर उपचार होऊ लागले. भारतात नव्या लागणींचे प्रमाण १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर उतरू लागले, म्हणजे मोफत औषधे येण्याच्या आधीच. या उतरणीचे सगळे श्रेय औषधाला देणे इतिहासाला धरून होणार नाही.

पहिला कवडसा : आई आणि बाळ

एझेडटी हे संयुग जेरोम हॉर्विट्झ यांनी १९६४ मध्ये कर्करोगासाठी बनवले होते. तेथे ते निरुपयोगी ठरले आणि बाजूला पडले. एचआयव्हीचा जनुकीय मजकूर आरएनए या रेणूत असतो. पेशीत शिरल्यावर तो आपल्या विकराच्या साहाय्याने त्याची डीएनएत नक्कल करतो. माळ ओवताना एखादा मणी असा यावा की ज्याला पुढचे छिद्रच नाही, तसे एझेडटीचे काम असते. विकर त्याला खरा मणी समजून ओवतो आणि माळ तेथेच थांबते. मार्च १९८७ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. पण काही महिन्यांतच विषाणू त्याला दाद देईनासा होई आणि रुग्ण पुन्हा ढासळे.

तथापि याच अपुऱ्या औषधाने १९९४ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. लागण असलेल्या गरोदर स्त्रियांना आणि जन्मानंतर बाळाला एझेडटी दिल्यास बाळाला लागण होण्याचे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आले. एकीला दिलेले औषध दुसऱ्याला वाचवते, याचा एड्सच्या इतिहासातील हा पहिला भक्कम पुरावा होता. १९९९ मध्ये युगांडात दिसले, की प्रसूतीच्या वेळी आईला नेव्हिरापीनची एकच गोळी आणि बाळाला एकच मात्रा दिली तरी धोका जवळजवळ निम्म्याने घटतो. गरीब देशांना परवडेल असा हा उपाय होता. २००० साली भारतातही मुंबई-पुण्यासह अकरा रुग्णालयांत असे उपचार करून पाहण्यास सुरुवात झाली. पुढे पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, युगांडा आणि इथिओपिया येथे एक संयुक्त अभ्यास झाला. बाळाला एकाच मात्रेऐवजी सहा आठवडे औषध दिले, तर सहाव्या आठवड्यापर्यंत लागणीचे प्रमाण ५.३ वरून २.५ टक्के होते असे त्यात आढळले. अंगावर पाजणे टाळता येत नाही अशा आयांसाठी हा शोध मोलाचा होता.

तीन औषधे आणि एक गुणाकार

एक औषध का पुरत नाही आणि तीन का पुरतात, हे गणिताच्या तासालाही सांगता येईल. एचआयव्हीचा जनुकीय मजकूर सुमारे ९,७०० अक्षरांचा आहे. नक्कल करताना विकर साधारण ३०,००० अक्षरांमागे एक चूक करतो. म्हणजे दर तीन नव्या विषाणूंमागे एकात चूक. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या शरीरात दिवसाला सुमारे एक हजार कोटी विषाणू तयार होतात, असे १९९६ मध्ये डेव्हिड हो आणि अॅलन पेरेल्सन यांच्या गटाने मोजले. एखाद्या ठरावीक जागी ठरावीक चूक होण्याची शक्यता लाखात एक धरा. मग एका औषधाला चुकवणारा विषाणू रोज एक लाख वेळा आपोआप निर्माण होईल. दोन औषधांना एकाच वेळी चुकवणारा विषाणू दिवसाला एकदा. आणि तिन्ही औषधांना चुकवणारा? एक लाख दिवसांतून एकदा, म्हणजे सुमारे २७४ वर्षांनी. हिशेब ढोबळ आहे, पण मुद्दा स्पष्ट होतो. शक्यतांचा गुणाकार विषाणूच्या विरुद्ध जातो. गोळ्या अधूनमधून चुकवल्या, की हाच गुणाकार विषाणूच्या बाजूने फिरतो. नियमितपणाचा आग्रह डॉक्टर धरतात तो यासाठी.

१९९६ मध्ये व्हँकुव्हरच्या जागतिक परिषदेत तीन औषधांच्या एकत्रित उपचाराचे निष्कर्ष मांडले गेले. रक्तातील विषाणू मोजणीच्या मर्यादेखाली जात होते; अंथरुणाला खिळलेली माणसे पुन्हा कामावर जाऊ लागली होती. खर्च मात्र माणशी वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर होता.

किमतीची भिंत

येथे मुंबईचा भाग सुरू होतो. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूला पेटंट मिळत नसे. ते बनवण्याच्या पद्धतीलाच मिळे. दुसरी पद्धत शोधली, की तेच औषध बनवता येई. १९३५ मध्ये ख्वाजा अब्दुल हमीद यांनी मुंबईत स्थापन केलेल्या सिप्ला कंपनीने हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत डॉ. ए. व्ही. रामा राव यांच्या गटाने शोधलेल्या पद्धतीने एझेडटी बनवले आणि १९९३ मध्ये बाजारात आणले. पुढे कंपनीने तीन औषधे एकाच गोळीत आणली. त्या तिघांचे पेटंट वेगवेगळ्या परदेशी कंपन्यांकडे असल्याने अशी गोळी अन्यत्र बनणे कठीण होते. येथल्या कायद्यामुळे ते शक्य झाले. फेब्रुवारी २००१ मध्ये युसुफ हमीद यांनी ही गोळी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संघटनेला माणशी वर्षाला ३५० डॉलरना देऊ केली. दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी. काही वर्षांतच गरीब देशांना मदतनिधीतून मिळणाऱ्या या औषधांपैकी ८० टक्क्यांहून अधिक औषधे भारतीय कारखान्यांतून जाऊ लागली. (२००५ मध्ये भारताचा पेटंट कायदा बदलला व रेणूलाही पेटंट मिळू लागले.)

किंमत उतरली तरी आक्षेप उरले. गरीब देशांतील लोक घड्याळाप्रमाणे गोळ्या घेणार नाहीत, असे अमेरिकेचे मदतकार्य पाहणारे वरिष्ठ अधिकारी २००१ मध्ये उघडपणे म्हणाले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित पाहणीत मात्र आफ्रिकेतील ७७ टक्के रुग्ण गोळ्या नीट घेत होते, तर उत्तर अमेरिकेतील ५५ टक्के.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक हिशेब आला : आफ्रिकेत तेवढ्याच पैशांत प्रतिबंध हा उपचारापेक्षा २८ पट फायदेशीर आहे, म्हणून पैसा आधी प्रतिबंधावर खर्च करावा. हा हिशेब करणारे निर्दय नव्हते. पैसा थोडा होता आणि कोठे लावावा हा प्रश्न खरा होता. पण या हिशेबात उपचार आणि प्रतिबंध यांची खाती वेगवेगळी धरली होती. उपचार घेणाऱ्यामुळे न होणाऱ्या लागणी उपचाराच्या खात्यात जमा केल्याच नव्हत्या. त्या किती आहेत हे मोजायचे राहिले होते.

जे. जे.ची रांग

१ एप्रिल २००४ रोजी भारत सरकारने आठ सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी, म्हणजे विषाणुरोधक औषधोपचार, सुरू केला. त्यांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. रक्तातील सीडी-४ पेशी, म्हणजे ज्यांवर हा विषाणू हल्ला करतो त्या पांढऱ्या पेशी, घनमिलिमीटरला २०० पेक्षा कमी झालेल्या रुग्णांनाच औषध मिळे. निरोगी माणसात त्या साधारण ५०० ते १,५०० असतात. म्हणजे औषध मिळण्यासाठी माणूस पुरेसा आजारी पडावा लागे.

त्या काळची मीरा-भाईंदरसारखी वस्ती डोळ्यांसमोर आणावी. १९९१ ची जनगणना पावणेदोन लाखांच्या आसपास. २००१ ची ५ लाख २० हजार. नगरपरिषदेची महानगरपालिका होऊन जेमतेम दोन वर्षे झालेली. एका बाजूला मिठागरे, दुसऱ्या बाजूला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने, काशीमिऱ्यावरून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि भाड्याच्या खोल्यांतून राहणारे परगावचे कामगार. साथ पसरण्यास सोयीची अशी ही सारी परिस्थिती, आणि मोफत औषध मात्र मुंबईच्या दुसऱ्या टोकाला. भाईंदरहून लोकल पकडायची, दादरला गाडी बदलून भायखळा गाठायचे, रांगेत उभे राहायचे आणि परत फिरायचे. रोजंदारीवरच्या माणसाचा दर महिन्याला एक दिवस बुडणार आणि मुकादमाला द्यायला दर वेळी नवे कारण शोधावे लागणार. खरे कारण सांगितले तर नोकरी जाण्याची भीती. केवळ एचआयव्हीची लागण आहे म्हणून काम नाकारता येणार नाही असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच दिला होता. पण तो निकाल कारखान्याच्या फाटकापर्यंत पोचलेला नव्हता.

तरीही औषध आल्याने एक मूलभूत बदल झाला. पूर्वी ‘तपासणी करून घ्या’ असे सांगणाऱ्या समुपदेशकाला ‘करून काय होणार?’ या प्रश्नाचे उत्तर देता येत नसे. आता उत्तर होते. लागण आहे हे माहीत असलेला माणूस स्वतः औषध घेतो, जोडीदाराला जपतो आणि बहुधा त्यालाही तपासणीला आणतो. प्रतिबंधाच्या कार्याला औषधाने केलेली ही पहिली मदत होय. ती प्रयोगशाळेत मोजता येत नाही, म्हणून तिचा उल्लेखही कमी होतो.

पुण्यात झालेली मोजणी

रक्तातील विषाणू कमी तर लागण कमी, याचा अंदाज २००० साली युगांडाच्या राकाई जिल्ह्यातून आला होता. तेथे ४१५ जोडप्यांत एकाला लागण होती व दुसऱ्याला नव्हती. ज्यांच्या रक्तात मिलिलिटरला १,५०० पेक्षा कमी विषाणू होते, त्यांच्याकडून एकाही जोडीदाराला लागण झाली नाही. पण हे निरीक्षण होते, प्रयोग नव्हे. कमी विषाणू असलेली माणसे आणखी कशात तरी वेगळी असतील, ही शंका उरतेच.

ती दूर करण्यासाठी अमेरिकेतील मायरन कोहेन यांच्या नेतृत्वाखाली ‘एचपीटीएन ०५२’ हा प्रयोग झाला. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांनी भाग घेतला. भारतातील केंद्रे दोन, पुण्याची नारी आणि चेन्नईची वाय. आर. गायतोंडे केंद्र ही संस्था. प्रत्येक जोडप्यात एकालाच लागण होती आणि त्याच्या सीडी-४ पेशी ३५० ते ५५० होत्या. म्हणजे तेव्हाच्या नियमांप्रमाणे अजून औषधाची वेळ आलेली नव्हती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. ८८६ जणांना लगेच औषध सुरू केले. ८७७ जणांना पेशी २५० च्या खाली गेल्यावर किंवा आजार दिसल्यावर. निरोध, समुपदेशन आणि तपासण्या दोन्ही गटांना सारख्याच दिल्या.

येथे एक अडचण होती. जोडीदाराला लागण झाली तर ती नेमकी याच व्यक्तीकडून झाली हे कशावरून? त्यासाठी दोघांच्या विषाणूंचा जनुकीय मजकूर ताडून पाहिला. नक्कल करताना होणाऱ्या चुका येथे उपयोगी पडल्या. एकाच्या वहीवरून दुसऱ्याने उतरवून घेतले की चुकाही तशाच येतात, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. एकूण ३९ नव्या लागणी झाल्या. त्यांपैकी २८ जोडीदाराकडूनच आलेल्या होत्या. या २८ पैकी २७ उशिरा औषध मिळालेल्या गटात आणि अवघी एक लगेच औषध मिळालेल्या गटात. धोका ९६ टक्क्यांनी घटला होता.

प्रयोग २०१५ पर्यंत चालायचा होता. परंतु देखरेख मंडळाने हे आकडे पाहिले आणि १२ मे २०११ रोजी निष्कर्ष जाहीर झाले. दुसऱ्या गटालाही लगेच औषध देऊ केले. फरक इतका स्पष्ट दिसल्यावर केवळ आकडे अधिक नेटके व्हावेत म्हणून कोणाला थांबवून ठेवणे नीतीला धरून नव्हते. त्या वर्षीचा सर्वांत महत्त्वाचा वैज्ञानिक शोध म्हणून ‘सायन्स’ या नियतकालिकाने याच प्रयोगाची निवड केली. पुढे युरोपातील अभ्यासांत, २०१६ व २०१९ मध्ये, रक्तात विषाणू सापडत नसलेल्या व्यक्तींची जोडपी पाहिली. निरोधशिवाय लाखाहून अधिक वेळा संबंध येऊनही जोडीदाराकडून लागण झाल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. (हे लैंगिक संबंधांबद्दल आहे, स्तनपान किंवा एकाच सुईचा वापर यांना तेवढ्याच खात्रीने लागू करू नये.)

लॅन्सेटमधल्या त्या जुन्या हिशेबातील रिकामा रकाना अशा रीतीने भरला गेला. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणि २०१७ मध्ये भारताने नियम बदलला : लागण आढळली की पेशी कितीही असोत, औषध सुरू करायचे.

शंभरातले एकोणसत्तर

मग साथ संपली का नाही? दक्षिण आफ्रिका व झांबिया येथे घरोघर तपासणी आणि उपचारांचे मोठे प्रयोग झाले. त्यांत संपूर्ण वस्तीतील नव्या लागणी कोठे २० ते ३० टक्क्यांनी घटल्या, तर कोठे फरकच दिसला नाही. जोडप्यांत ९६ आणि वस्तीत इतके कमी, यात विसंगती नाही. औषध ज्याच्या पोटात जाते त्याच्यापुरते ते जवळजवळ परिपूर्ण आहे. ज्याला आपल्याला लागण आहे हेच माहीत नाही, त्याच्यासाठी ते अस्तित्वातच नाही.

भारताचे आकडे घ्या. नॅकोच्या २०२३-२४ च्या माहितीप्रमाणे लागण असलेल्यांपैकी ८१ टक्क्यांना आपली स्थिती माहीत होती. त्यांपैकी ८८ टक्के औषध घेत होते. आणि औषध घेणाऱ्यांपैकी ९७ टक्क्यांचा विषाणू दबलेला होता. प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे पाहिला तर चांगला वाटतो. विद्यार्थ्यांना गुणाकार करायला सांगा. उत्तर येते सुमारे ६९. म्हणजे शंभरातील ३१ जणांच्या रक्तात विषाणू अजून मोकळा आहे, आणि सर्वांत मोठी गळती पहिल्याच पायरीवर, तपासणीपाशी आहे. औषधाचा दर्जा आता अडथळा नाही, किंमतही राहिलेली नाही. एके काळी पंधरा हजार डॉलरचा असलेला उपचार रोज एका गोळीवर आला आहे, आणि २०२३ मध्ये त्याचा जागतिक निधीसाठीचा दर वर्षाला ४५ डॉलरपेक्षाही खाली गेला.

२०२३ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांत सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची आहे. त्या वर्षी सुमारे ६८ हजार नव्या लागणी झाल्या. २०१० च्या तुलनेत नव्या लागणी ४४ टक्क्यांनी आणि मृत्यू ७९ टक्क्यांनी कमी झाले. या दोन आकड्यांतील अंतर बोलके आहे. मृत्यू थांबवण्याइतके औषध पोचले आहे, लागण थांबवण्याइतके अजून पोचायचे आहे. एक गोष्ट मात्र चुकीची समजू नये. मृत्यू कमी झाल्याने लागण असलेल्यांची एकूण संख्या फारशी घटत नाही, क्वचित वाढतेही. ते अपयश नसून माणसे जगत असल्याची खूण आहे.

निरोगी माणसाने आधीच औषध घेऊन लागण टाळणे हे पुढचे पाऊल आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आफ्रिकेतील चाचणीत, सहा महिन्यांतून एकदा लेनाकापाव्हीरचे इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ तरुण स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. पुण्याच्या त्या विवाहित स्त्रियांची आठवण येथे होते. ज्याला कोणाची परवानगी लागत नाही असे साधन १९९३ मध्ये त्यांच्याजवळ नव्हते.

वर्गात काय सांगावे

२००७ मध्ये महाराष्ट्रात शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर बंदी आली होती. २००९ मध्ये लातूर जिल्ह्यातील एका गावात लागण असलेली अनाथ मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत आली, तेव्हा पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. कोंडून ठेवण्याच्या जागी येथे वाळीत टाकणे आले, इतकाच फरक. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि शाळेत असा भेदभाव करणे आता कायद्याने निषिद्ध आहे.

आम्ही मीरा-भाईंदर परिसरातील शाळांत बोलायला जातो तेव्हा एक गोष्ट जाणवते. ‘एड्स म्हणजे मृत्यू’ हे तीस वर्षांपूर्वीचे वाक्य मुलांना अजून पाठ आहे. रोज एक गोळी घेऊन माणूस दीर्घायुषी होतो आणि दुसऱ्याला लागण देत नाही, हे त्यांनी ऐकलेलेच नसते. जुने वाक्य भीती घालण्यासाठी लिहिले होते आणि त्या काळात ते खोटेही नव्हते. आज ते खोटे आहे, आणि घातकही आहे. कारण भ्यालेला माणूस तपासणी टाळतो, आणि आपण पाहिले की गळती नेमकी तेथेच आहे.

म्हणून शिक्षकांनी वर्गात तीन गोष्टी अवश्य सांगाव्यात असे आम्हांला वाटते. लागण कशाने होते आणि कशाने होत नाही. लागण आहे का हे सरकारी केंद्रात मोफत आणि गुप्तता राखून तपासता येते. आणि औषध नियमित घेणारा माणूस स्वतःबरोबर इतरांनाही वाचवतो. निरोध, सुरक्षित रक्त आणि स्वच्छ सुई यांचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. ती साधने राहणारच आहेत. पण तीस मुलांच्या वर्गात एखाद्याच्या घरी कपाटात ती गोळ्यांची बाटली असू शकते. त्या मुलाला आपल्या आईविषयी किंवा वडिलांविषयी कोणते वाक्य ऐकायला मिळावे, हे शिक्षकाच्या हातात असते.